विद्येचं देणं कोणाला?

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत नाकाडोंगरी आहे. सातपुड्याकडून उतरत आलेल्या टेकड्या, सागाचं जंगल, सखल भागात धानाच्या बांध्या आणि जमिनीच्या पोटात मँगनीज, असा हा मुलूख. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच जातो. त्यावर गोबरवाही लागतं, डोंगरी बुजुर्ग लागतं. डोंगरी बुजुर्गला मॉइलची उघडी खदान आहे आणि याच तालुक्यात चिखल्याचीही खदान आहे. १८९६ साली इंग्रजी अमदानीत सुरू झालेला हा मँगनीजचा उद्योग १९६२ मध्ये 'मॉइल' या सरकारी कंपनीकडे आला.

देशातलं बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्टीत जातं. डोंगरी बुजुर्गच्या खनिजाची वाट थोडी निराळी आहे. इथे मँगनीज डायऑक्साइडचं प्रमाण चांगलं असलेलं खनिज निघतं आणि ते बॅटरीच्या कारखान्यांना लागतं. मॉइलने इथे एक कारखानाही उभारला आहे. त्यात विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार होतं. खनिज आधी भाजून घ्यायचं, मग सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचं, त्यातलं लोह आणि इतर मळ काढून टाकायचा. मग ते द्रावण नव्वद अंशांच्या वर तापवून त्यातून डीसी प्रवाह सोडायचा. एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि दुसऱ्या टोकावर काळा, कठीण थर चढत जातो. हे काम घाईचं नाही, थर जाड व्हायला दिवसच्या दिवस लागतात. मग तो उतरवायचा, धुवायचा, दळायचा. टॉर्चचा साधा सेल फोडला की बोटांना लागतो तो काळा भुगा याच जातीचा. जस्ताचा डबा, मधोमध कार्बनची कांडी, भोवती हा भुगा आणि दीड व्होल्ट. या पदार्थांची जुळणी फ्रेंच अभियंता लेक्लांशे याने १८६६ साली करून दाखवली आणि आजही साध्या सेलचा पाया तोच आहे.

अशा गावातली एखादी मुलगी इलेक्ट्रिकलची पदवी घेते, गेटची परीक्षा देते आणि एमटेकला जायचं ठरवते, तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. पहिला घरातला. इंजिनीअर तर झाली, आता नोकरी बघायची सोडून आणखी दोन वर्षं कशाला? दुसरा गावातला. एवढी शिकलेली पोरगी काही परत यायची नाही, मग तिच्या शिकण्याचा गावाला काय उपयोग? वरवर पाहता पहिला प्रश्न पैशाचा आहे आणि दुसरा हेव्याचा. दोन्हींच्या तळाशी मात्र एकच जुना प्रश्न पडून आहे. विद्या घेणारा कोणाचं काही देणं लागतो का? लागत असेल तर कोणाचं, आणि ते फिटतं कसं?

धर्मशास्त्राने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना येते. माणूस जन्मतो तोच ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं ऋण डोक्यावर घेऊन. देवांचं ऋण यज्ञाने फिटतं, पितरांचं संततीने आणि ऋषींचं ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूपाशी राहून केलेल्या अध्ययनाने. यातली तिसरी गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. ऋषींनी ज्ञान दिलं, म्हणून त्यांना दक्षिणा द्या किंवा त्यांची पूजा करा, असं तिथे म्हटलेलं नाही. शिका, एवढंच सांगितलं आहे. ज्यांनी ज्ञान मिळवलं आणि मागे ठेवलं त्यांचं देणं फेडण्याचा मार्ग म्हणजे ते ज्ञान आत्मसात करणं. या हिशेबाने अभ्यास हीच परतफेड ठरते. घरातल्या पहिल्या प्रश्नाला इतकं थेट उत्तर दुसऱ्या कुठल्या ग्रंथात मिळणं अवघड आहे.

पण या वचनात एक मोठी खोट आहे आणि ती झाकून पुढे जाता येत नाही. मूळ वाक्य ब्राह्मणाबद्दल आहे. मीमांसकांनी त्याचा अर्थ सैल करून क्षत्रिय आणि वैश्य त्यात धरले. तिथेच दार बंद झालं. शूद्रांना आणि स्त्रियांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही म्हटल्यावर त्यांना ऋषिऋण तरी कुठून असणार? फेडण्याची संधी नाकारायची असेल तर आधी कर्जदारांच्या यादीतून नाव काढून टाकावं लागतं. नाकाडोंगरीच्या आसपासची बहुसंख्य माणसं, खदानीत राबलेली, जंगलावर जगलेली, धान रोवणारी, या यादीत कधी नव्हतीच. म्हणून आज त्यांच्या मुलीला 'तू ऋषींचं देणं लागतेस' असं सांगायचं असेल, तर ती कल्पना जुन्या पोथीतून जशीच्या तशी उचलून चालणार नाही. ती तपासून, दुरुस्त करूनच घ्यावी लागेल.

तपासणी आपल्याच परंपरेत झालेली आहे, हे सुदैव. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात एक पूर्वपक्ष मांडला आहे. माणूस तीन ऋणांनी बांधलेला, ती फेडण्यातच आयुष्य जाणार, मग मोक्षासाठी वेळ उरणार कधी? म्हणजे मोक्ष अशक्यच. भाष्यकार वात्स्यायनाने याला दिलेलं उत्तर आजच्या वकिलालाही पटेल असं आहे. तो म्हणतो, खरं कर्ज कुठे असतं? जिथे देणारा परत मिळावं म्हणून देतो आणि घेणारा परत करीन म्हणून घेतो, तिथे. ऋषी, देव, पितर यांच्याशी असा व्यवहार झालेला नाही. म्हणून हे ऋण शब्दशः घेऊ नये. कर्ज बुडवणाऱ्याची निंदा होते आणि फेडणाऱ्याची स्तुती, तेवढ्यापुरतं हे साम्य आहे. शिवाय नुकतं जन्मलेलं मूल काही करू शकत नाही, तेव्हा जन्मतःच बांधला गेला याचा अर्थ कर्तेपण अंगावर आलं तेव्हा, असा घ्यायचा.

वात्स्यायनाच्या या दोन मुद्द्यांतला दुसरा स्वीकारावा आणि पहिला अर्धाच. जन्माने कोणी कर्जदार होत नाही, हे खरं. झोपडीत जन्मलेल्या मुलाच्या माथी समाजाचं देणं मारणं हा अन्यायच आहे, कारण समाजानेच आधी त्याचं पुष्कळ बुडवलेलं असतं. पण एमटेकला बसलेल्या विद्यार्थ्याचं काय? त्याच्याशी खराखुरा व्यवहार झालेला असतो, रुपया-पैशातला. गेट उत्तीर्ण होऊन एमटेकला प्रवेश घेणाऱ्याला केंद्राकडून महिन्याला १२,४०० रुपये मिळत आले आहेत. दोन वर्षांचे २,९७,६०० रुपये होतात. प्रयोगशाळा, यंत्रं, प्राध्यापकांचे पगार यांचा खर्च वेगळा. हा पैसा कराचा आहे. काडेपेटी आणि साबण विकत घेणारी प्रत्येक बाई त्यात भर घालते. देणारे खरे, घेणारा खरा, रक्कमही खरी. इथे ऋण हा अलंकार उरत नाही.

या व्यवहाराची सगळ्यात मोठी गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात घडून गेली आहे. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. सयाजीराव गायकवाडांची ही शिष्यवृत्ती त्यांनी कोलंबिया विद्यापीठात सत्कारणी लावली. १९१५ मध्ये ते एमए झाले. मुदत संपली तेव्हा ते लंडनमध्ये होते. अभ्यास अर्धा टाकून परतले आणि सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले.

पुढचं महाराष्ट्राला पाठ असायला हवं. कर्ज फेडायला आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून त्यांनी काही दिवस काढले. मग काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद दुरून फेकत. ते मुंबईला परतले. दहा वर्षांची नोकरी राहून गेली.

धर्माच्या दृष्टीने इथे कोणी कोणाचं बुडवलं? कागदावर आंबेडकरांचा करार अपुरा राहिला. पण फेडायला आलेल्याला उंबरठ्यावरून हाकलणारा समाज सावकार म्हणून उभा राहूच शकत नाही. देणेकऱ्याला फेडू देणं हेही घेणेकऱ्याचं कर्तव्य असतं, आणि ऋणाच्या जुन्या मांडणीत हे कलम कुठेच नाही. गावात परत आलेल्या शिकलेल्या मुलीला तिच्या जातीची किंवा बाईपणाची आठवण करून देणारं गाव, 'पोरगी परत यायची नाही' अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आंबेडकरांनी ते ऋण फेडलं, फक्त बडोद्याच्या खात्यात नाही. त्याचा एक भाग थेट विजेच्या खात्यात जमा आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत, युद्धोत्तर काळातल्या वीजविकासाचा विचार करणाऱ्या समितीपुढे त्यांनी भाषण केलं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शेतीवर पडलेला माणसांचा भार उद्योगाशिवाय हलका होणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत. गरिबीच्या फेऱ्यातून सुटायचं तर वीज हवी. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वंशावळीत त्याचं नाव आधी येतं. अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास केलेल्या माणसाने विजेचा प्रश्न हातात घेतला आणि तो दारिद्र्याचा प्रश्न म्हणून मांडला. इलेक्ट्रिकलच्या वर्गात कूलम आणि मॅक्सवेल यांच्याबरोबर हा धडाही असायला हवा.

भंडारा जिल्ह्याशी आंबेडकरांचं एक थेट नातंही आहे. १९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. भंडाऱ्याच्या मतदारांना त्यांना निवडून पाठवण्याची संधी आली होती, ती गेली.

विदर्भातूनच निघालेला आणि इलेक्ट्रिकलमध्येच पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस शोधायचा तर डॉ. विजय भटकर समोर येतात. जन्म १९४६ चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ मध्ये ते इलेक्ट्रिकलचे पदवीधर झाले. हेच महाविद्यालय आजचं व्हीएनआयटी. मग १९६८ मध्ये एमई केलं ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आणि १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून पीएचडी. ज्या राजाच्या पैशाने १९१३ साली एक विद्यार्थी अमेरिकेला गेला, त्याच राजाच्या नावाच्या विद्यापीठात पाऊणशतकाच्या आतच वऱ्हाडातल्या खेड्यातला मुलगा इलेक्ट्रिकलचा मास्टर झाला. त्या विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातच आहे. ऋषिऋण म्हणतात ते कधी कधी असं इमारतीच्या रूपाने उभं असतं.

अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये सीडॅक स्थापन झालं आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ऋणाच्या हिशेबात मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत ते होते. त्याच संस्थेचा एमएससीआयटी अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत, बाजाराच्या गावांत पोचला. महासंगणक बनवणारा माणूस आणि गावच्या गाळ्यात माऊस धरायला शिकणारी मुलगी यांच्यामध्ये जोडणी झाली. भटकर मुरंब्यात राहायला परतले नाहीत. तरी त्यांच्यावर विद्या बुडवल्याचा ठपका कोणी ठेवणार नाही.

गाव सोडणं आणि गाव बुडवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होतं. अरुण फडके यांचा जन्म ग्वाल्हेरचा, १९३८ चा. खरगपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, तिथेच एमएस आणि पीएचडी केली, तिथेच राहिले. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये त्यांच्या चमूने फेजर मापन यंत्र, म्हणजे पीएमयू, बनवलं. ग्रीडवर शेकडो किलोमीटर अंतरावर असलेल्या ठिकाणांचा व्होल्टेज आणि त्याचा कोन उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून एकाच क्षणी मोजण्याचं हे साधन. कोन का महत्त्वाचा? कारण एसी जाळ्यात वीज कोणीकडून कोणीकडे किती वाहते हे मुख्यतः दोन टोकांच्या कोनांतल्या फरकावर ठरतं. हा फरक फार वाढला की जाळं तुटायच्या बेतात येतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी भारताचं ग्रीड लागोपाठ दोन दिवस कोसळलं. दुसऱ्या दिवशी सुमारे साठ कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. साखळी सुरू झाली ती बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी ट्रिप झाल्यावर. महाराष्ट्र ज्यात आहे ते पश्चिम ग्रीड वाचलं. त्यानंतर भारताच्या ग्रीडवर पीएमयूंचं जाळं मोठ्या प्रमाणावर पसरवण्यात आलं. ग्वाल्हेर सोडून गेलेल्या माणसाची विद्या ग्वाल्हेरच्या वाहिनीला राखायला परत आली, तीही त्याने हे मनात योजलेलं नसताना.

मग देणं नेमकं कोणाचं? जुन्या यादीत तीनच नावं होती. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगशाळेतल्या एका टेबलाकडे नीट पाहिलं तरी यादी वाढत जाते. समोरच्या सेलमध्ये मँगनीज आहे, ते खदानीतून कोणीतरी काढलं. डोक्यावरच्या पंख्याला येणारी वीज बहुधा कोळशाची आहे. तो कोळसा चंद्रपूर-वणीच्या जमिनीतून निघाला आणि तिथली हवा आणि पाणी त्याची किंमत मोजत आहेत. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॉटची उच्च दाबाची डीसी (एचव्हीडीसी) वाहिनी १९९९ पासून विदर्भाची वीज मुंबईच्या दिशेने नेते. पॉवर सिस्टिमच्या वर्गात ती उत्तम अभियांत्रिकीचं उदाहरण म्हणून शिकवली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्या एका टोकाला राख पडते आणि दुसऱ्या टोकाला दिवे लागतात, हेही त्याच वर्गात बोललं गेलं पाहिजे. नाकाडोंगरीच्या शेजारीच बावनथडीवर दोन राज्यांनी मिळून धरण बांधलं, त्यासाठी माणसं आपल्या गावठाणांवरून उठली. पावसाळ्यात रात्री लाईन गेली की अंधारात खांबावर चढणारा लाईनमनही याच यादीत आहे. ऋषी म्हणजे ज्यांनी आपल्याआधी कष्टाने काही मिळवून मागे ठेवलं ते, असा अर्थ घेतला, तर खदान कामगाराला त्या पंक्तीतून उठवण्याचं एकही कारण सापडत नाही.

एक आक्षेप आध्यात्मिक मंडळींकडून येतो. ही सगळी पोटभरू विद्या, तिला ऋषिऋणाचं सोवळं कशाला नेसवता? मुंडकोपनिषदाकडे बोट दाखवलं जातं. तिथे शौनक हा मोठा गृहस्थ अंगिरसाला विचारतो की काय जाणलं म्हणजे सगळं जाणलं जातं. अंगिरस परा आणि अपरा अशा दोन विद्या सांगतो. मात्र हा दाखला देणारे पुढची यादी वाचत नाहीत. अपरा विद्येत पहिली नावं चारही वेदांची आहेत, मग व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष. वेदच जिथे अपरा आहेत तिथे विजेच्या जाळ्यातल्या लोड फ्लोचं गणित अपरा ठरलं तर त्यात कमीपणा काय? शिवाय दोन्ही विद्या जाणाव्यात, असंच तिथे सांगितलं आहे. ईशोपनिषद तर एकीलाच धरून बसणाऱ्याला, मग ती कुठलीही असो, अंधाराचीच वाट दाखवतं. त्याच उपनिषदावर वृत्ती लिहिणारे पवनारचे विनोबा विज्ञान आणि अध्यात्म यांची सांगड घाला असं आयुष्यभर सांगत राहिले.

खरा कस दुसरीकडे लागतो. एमटेकचे बरेच विद्यार्थी दोन वर्षं सरकारी कंपनीच्या नेमणूकपत्राची वाट पाहत काढतात. गेटच्या गुणांवर एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या कंपन्या भरती करतात. पत्र आलं की हे विद्यार्थी प्रबंध अर्ध्यावर सोडून जातात. त्यांना दोष देण्याआधी घरची परिस्थिती पाहावी. धानाच्या एका हंगामावर चालणाऱ्या घरात पगार हा चैनीचा विषय नसतो. बुद्धाने अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात अनृणसुख आहे. कोणाचं थोडं वा फार काही देणं नाही, या जाणिवेचं सुख. बापाच्या नावावरचं पीककर्ज फेडण्यासाठी नोकरी धरणारी मुलगी धर्मच पाळत असते. पण त्याच सूत्रात त्याहून वर ठेवलेलं सुख निर्दोषतेचं आहे. पैशाचं कर्ज फिटलं तरी विद्येचं शिल्लक राहतं. पुढे केव्हातरी त्याला हात घालावाच लागतो.

तो कसा घालायचा, यावर तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत तीन ऋषींची मतं शेजारी शेजारी नोंदवली आहेत. राथीतर म्हणतो, सत्य हेच मुख्य. पौरुशिष्टी म्हणतो, तप. नाक मौद्गल्य म्हणतो, स्वतः शिकणं आणि दुसऱ्याला शिकवणं, बस, तेच तप आहे. उपनिषद कोणालाच खोडून काढत नाही. मात्र सत्य, तप, दम, शम, अतिथी, संतती असं एकेक कर्तव्य सांगताना प्रत्येकाबरोबर शिकणं-शिकवणं ही जोडी पुन्हा जोडतं. म्हणजे मौद्गल्याचं मत सगळ्यांच्या पायाशी आहे. संहितेत ऋषिऋणाची फेड फक्त शिकण्याने होत होती. उपनिषदापर्यंत येताना त्यात शिकवणं आलं. ही वाढ फार मोलाची आहे. शिकून गप्प बसणारा स्वतःपुरता शहाणा होतो, पण त्याच्यापाशी आलेली विद्या त्याच्यापाशीच थांबते.

आजच्या सरकारी नियमात हीच गोष्ट नीरस भाषेत लिहिलेली आहे. गेटची शिष्यवृत्ती घेणाऱ्या एमटेकच्या विद्यार्थ्याने आठवड्याला आठ ते दहा तास विभागाने नेमून दिलेलं काम करायचं असतं, मुख्यतः पदवीच्या मुलांना शिकवण्याचं. कोणी ट्यूटोरियल घेतं, कोणी मशिन लॅबमध्ये उभं राहतं, कोणी जर्नलं तपासतं. पुष्कळांना हे काम बिगारी वाटतं. खरं तर संपूर्ण अभ्यासक्रमात ऋण फेडण्याचा हा एकच तास वेळापत्रकात छापलेला असतो. ट्रान्सफॉर्मरचा शॉर्ट सर्किट टेस्ट कमी व्होल्टेजवर का घ्यायचा, हे दुसऱ्या वर्षाच्या पोराला पटेपर्यंत सांगताना एमटेकच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या समजुतीतल्या फटी दिसू लागतात. शिकवणं हेही शिकणंच आहे, हे तिथे कळतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं, गावाच्या प्रश्नाचं, उत्तर स्पष्ट द्यावं. नाकाडोंगरीच्या मुलीने एमटेक करून नाकाडोंगरीतच राहावं, अशी अपेक्षा चुकीची आहे. तिथे तिच्या विद्येला काम नसेल तर ती विद्याच वाया जाईल, आणि विद्या वाया घालवणं हा ऋषींचाही अपराध आणि कर भरणाऱ्यांचाही. तिने जिथे काम आहे तिथे जावं. पण ज्या मराठीत तिने दहावीपर्यंत ओहमचा नियम घोकला, त्या मराठीत तिने पुढच्या दहा जणींना तो नियम नीट समजावून द्यावा. हे देणं भावनेचं नाही, मोजून देता येण्यासारखं आहे.

तुमसर तालुक्यातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि विज्ञान शिक्षकांना एक विनंती आहे. दिवाळीत, उन्हाळ्यात इंजिनीअरिंगची आणि एमटेकची मुलं-मुली घरी येतात. त्यांचा सत्कार करून, नारळ आणि शाल देऊन परत पाठवू नका. शाळा उघडी असेल तर त्यांना नववीचा एक वर्ग द्या. सामान थोडंच लागतं: एक वापरलेला साधा झिंक-कार्बन सेल (अल्कलाइन किंवा मोबाइलची बॅटरी नको, ती फोडणं धोक्याचं असतं), किराणा दुकानातला नवसागर, पाणी, जस्ताची पट्टी आणि एक मल्टिमीटर. जुन्या सेलमधली कांडी आणि काळा भुगा नव्या नवसागराच्या द्रावणात मांडून मुलांना आकडा वाचू द्या. तो दीड व्होल्टच्या आसपास का येतो, ते त्या ताईला किंवा दादाला फळ्यावर सांगू द्या. तो भुगा कुठल्या दगडातून होतो, हेही सांगायला लावा. आणि एमटेकला असलेल्या मुलामुलींनो, शाळेने बोलावण्याची वाट पाहू नका. या सुट्टीत स्वतःच जाऊन तो एक तास मागून घ्या.